चिकटवहीची पार्श्वभूमी, कागदाच्या बाजूने

२०२५ च्या मे महिन्याअखेर अमेरिकेतल्या ‘जोअन’च्या उरल्यासुरल्या दुकानांना कुलपं लागली. १९४३ साली क्लीव्हलंडमध्ये कापडाच्या दुकानापासून सुरू झालेली ही साखळी बंद पडताना सुमारे ८०० दुकानांची होती. कापड आणि लोकरीबरोबर तिथे स्क्रॅपबुकचे, म्हणजे फोटो-कात्रणं लावायच्या चिकटवहीचे, छापील कागद, कार्डशीट, नक्षीचे पंच, रबरी शिक्के असं सगळं मिळायचं. बातमी आली तेव्हा हाताने भेटकार्डं आणि चिकटवह्या करणाऱ्या मंडळींमध्ये मोठी हळहळ झाली. हा छंदच आता संपत आला, असंही बरेच जण म्हणू लागले. मला ते पटत नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या छंदाची दुकानं, हत्यारं आणि फॅशन कितीदा तरी बदलली आहेत. त्याला खरं वळण दिलं ते कागदाने. कधी कागद स्वस्त झाला म्हणून, तर कधी तो टिकेनासा झाला म्हणून.

सुरुवात टपालापासून करावी लागते. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. त्या सुधारणेसाठी खटपट करणाऱ्यांपैकी एक हेन्री कोल. त्यांनी १८४३ च्या नाताळासाठी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक शुभेच्छापत्र काढून घेतलं. हजार प्रती छापल्या, त्यांत रंग हाताने भरले आणि किंमत ठेवली एक शिलिंग. म्हणजे बाजारातलं पहिलं नाताळचं कार्डही अर्धं हातानेच झालेलं होतं.

अमेरिकेत हे काम उभं केलं एस्थर हाउलंड या तरुणीने. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात तिच्या वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. १८४७ मध्ये शिक्षण संपवून ती घरी आली, आणि एक नक्षीदार इंग्रजी व्हॅलेंटाइन कार्ड तिच्या हाती पडलं. आपण याहून चांगलं करू, असं तिला वाटलं. वडिलांमार्फत तिने इंग्लंडहून लेससारखा कातरलेला कागद आणि रंगीत चित्रं मागवली. नमुने घेऊन भाऊ फिरतीवर गेला. दोनशे डॉलरचं काम मिळालं तरी पुरे, अशी अपेक्षा होती. तो पाच हजारांच्या मागण्या घेऊन परतला, असं सांगतात. मग एस्थरने घरातच लांब टेबल मांडून मैत्रिणींना कामाला बसवलं. एक चित्रं कापणार, दुसरी तळाचा कागद लावणार, तिसरी लेस चिकटवणार. लेसच्या जाळीखाली रंगीत कागद घालून नक्षी उठवायची तिची पद्धत होती. आज कार्ड करणारे फोमचे तुकडे लावून थरावर थर चढवतात, त्याचा उगम मला या टेबलावर दिसतो.

याच सुमाराला जर्मनीत रंगीत शिळाछपाई, म्हणजे दगडी पाट्यांवरून होणारी छपाई, बहरली. फुलं, देवदूत, मांजरी, मुलं यांची उठावदार, साच्यात कापलेली चित्रं तावच्या ताव निघू लागली. एकेक चित्र अरुंद पट्टीने दुसऱ्याला जोडलेलं असे. तोडायचं आणि वहीत लावायचं. कागद स्वस्त, चित्रं स्वस्त, मग चिकटवही घरोघरी पोचली. मार्क ट्वेन या लेखकाला कात्रणं जमवण्याचा भारी नाद होता आणि डिंकाचा तेवढाच वैताग. त्याने पानांवर आधीच डिंकाच्या रेघा ओढलेली वही बनवली. रेघ ओली करायची आणि कात्रण दाबायचं. २४ जून १८७३ रोजी या वहीला अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक १,४०,२४५, आणि ती चांगली खपलीही.

पण तो काळ नुसत्या फुला-मांजरांचा नव्हता. फिलाडेल्फियात विल्यम डॉर्सी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी आपल्या समाजाविषयीची कात्रणं लावून जवळजवळ ४०० वह्या भरल्या. एरवी रद्दीत गेला असता असा इतिहास त्या वह्यांमुळे अभ्यासकांना मिळाला. चिकटवहीला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी डॉर्सींचं काम जरूर पाहावं.

आता मुख्य गोष्ट. ज्या स्वस्त कागदाने हा छंद वाढवला, त्याच कागदात त्याचा नाश होता. पूर्वी युरोपात कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून व्हायचा. त्यातले सेल्युलोजचे धागे लांब आणि स्वच्छ असत. १८०७ मध्ये मॉरिट्झ इलिग या जर्मन कारागिराने शाई पसरू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची युक्ती प्रसिद्ध केली. १८४४ च्या सुमाराला फ्रीड्रिख केलर यांनी लाकूड दगडावर घासून लगदा काढला. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि कागद मुबलक झाला. पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं, आणि दमट हवेत ते सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं. लाकडातलं लिग्निन, म्हणजे धागे एकत्र बांधणारं द्रव्य, उजेडात पिवळं, मग तपकिरी पडतं. जुनं वर्तमानपत्र घडीवर तुटतं ते यामुळेच. शिवाय हे आम्ल शेजारच्या पानात, शेजारच्या फोटोत उतरतं. कात्रण आणि फोटो एका पानावर लावले की कात्रणाच्या आकाराचा डाग मागच्या पानावर उमटतो.

व्हर्जिनियातल्या विल्यम बॅरो या कागदपत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाने विसाव्या शतकाच्या मध्यावर याची पद्धतशीर तपासणी केली. १९०० ते १९४९ मध्ये छापलेली ५०० पुस्तकं त्याने तपासली. त्यांतली ९७ टक्के पुस्तकं पन्नास वर्षंही धड टिकणार नाहीत, असा निष्कर्ष १९५९ मध्ये निघाला. ग्रंथालयं हादरली. घरोघरच्या अल्बमांपर्यंत मात्र ही गोष्ट पोचायला आणखी वीस वर्षं लागली. दरम्यान बाजारात आले चिकट पानांचे अल्बम. प्लास्टिकचा पारदर्शक पडदा उचलायचा, खालच्या चिकट रेघांवर फोटो दाबायचा, पडदा बंद. आपल्याकडच्या लग्ना-मुंजीचे किती तरी फोटो असल्या अल्बमात अडकलेले आहेत. काही वर्षांनी डिंक पिवळा पडतो, फोटो निघता निघत नाही, आणि प्लास्टिक पीव्हीसीचं असेल तर तेही फोटोला बाधतं. असे फोटो ओढून काढू नयेत. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवत न्यावा. तेही जमत नसेल, तर आधी पान जसंच्या तसं स्कॅन करून ठेवावं.

आधुनिक स्क्रॅपबुकची कथा अमेरिकेतल्या यूटा राज्यात घडते, आणि तिला कारण आहे. तिथे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मोठी वस्ती, आणि या पंथात वंशावळ नि कुटुंबाच्या नोंदी ठेवणं हे धर्मकार्य मानतात. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत नोंदी आणि वंशावळींची जागतिक परिषद भरली. स्पॅनिश फोर्क गावच्या मेरिलेन क्रिस्टेन्सन यांनी तिथे आपल्या कुटुंबाच्या पन्नासहून अधिक वह्या मांडल्या. लोकांनी विचारलं, हे सामान कुठून आणलं? दुसऱ्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या पतीने गावात दुकान काढलं. टिकणारा कागद आणि निर्धोक प्लास्टिकचे कप्पे यांची मागणी आता ग्रंथपालांपुरती राहिली नाही, ती गृहिणी करू लागल्या. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा क्षण आहे.

पुढे गती आली. १९८७ मध्ये मिनेसोटात ‘क्रिएटिव्ह मेमरीज’ ही कंपनी सुरू झाली. तिच्या प्रतिनिधी बायकांना घरी बोलावून पानं करायला शिकवत आणि सामान विकत. बारा इंची चौकोनी पान रूढ झालं, मासिकं निघाली, ‘ॲसिड-फ्री’ (आम्लमुक्त) हा शब्द प्रत्येक पाकिटावर आला. त्यामागची मानकंही तयार झाली. टिकाऊ कागदासाठीचं आयएसओ ९७०६ हे १९९४ चं आंतरराष्ट्रीय मानक अल्कधर्मी कागद आणि त्यात किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटएवढा राखीव साठा मागतं. हवेतून येणारं आम्ल हा साठा शोषून घेतो. फोटोसाठी वेगळी कसोटी आहे, तिला ‘पॅट’ (फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट) म्हणतात. कागद किंवा डिंक फोटोसारख्या संवेदनशील पट्टीला टेकवून ७० अंश उष्णतेत आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि डाग पडतो का ते पाहतात. पाकिटावर ‘पॅट’ उत्तीर्ण असं छापलेलं असेल तर त्याला अर्थ आहे. नुसत्या ‘आर्कायव्हल’ (दीर्घकाळ जतनाला योग्य) या शब्दाला तेवढा नाही. तो कुणीही छापू शकतो.

यंत्रांचा इतिहास थोडक्यात आटोपतो. कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये एलिसन कंपनीने शाळांसाठी अक्षरं कापायचं दाबयंत्र काढलं, त्यातूनच २००१ मध्ये घरगुती ‘सिझिक्स’ आलं. यूटातल्या प्रोव्हो क्राफ्ट कंपनीने त्याच दशकात ‘क्रिकट’ हे पात्याने आपोआप आकार कापणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र आणलं. २०२१ च्या मार्चमध्ये क्रिकटने आपलं सॉफ्टवेअर फुकट वापरणाऱ्यांना कापण्यासाठी महिन्याला स्वतःची वीसच चित्रं त्यावर चढवता येतील, असं जाहीर केलं. लोकांनी एवढा संताप व्यक्त केला की काही दिवसांतच कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. मराठीतून कार्ड करणाऱ्यांसाठी ही बाब किरकोळ नव्हती; जोडाक्षरं मोडू नयेत म्हणून बहुतेक जण देवनागरी मजकूर बाहेर तयार करून चित्र म्हणूनच चढवतात. जपानच्या वाशी टेपची, म्हणजे सजावटीच्या कागदी चिकटपट्टीची, गोष्ट तर मला फारच आवडते. कुराशिकीतली कामोई कंपनी १९२३ मध्ये माश्या धरायचा चिकट कागद बनवायला सुरू झाली, पुढे रंगाऱ्यांची मास्किंग टेप, म्हणजे नको तिथे रंग लागू नये म्हणून लावायची पट्टी, करू लागली. काही हौशी स्त्रियांनी कारखाना पाहून रंगीत टेप मागितली, आणि २००८ मध्ये तिचा ‘एमटी’ ब्रँड बाजारात आला.

टिकणाऱ्या कागदाची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे. पेशवाईत जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरात होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आजही कागद होतो. तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा त्याच्याबरोबर हे कारागीर आले, असं तिथली परंपरा सांगते. जुनी पोती, दोर, चिंध्या चुन्यात भिजवून कुटायच्या, ताव उचलायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. त्यात राळ-तुरटी नाही, आणि शाई काजळाची. मोडी कागद अजून वाचता येतात ते यामुळे. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तिथल्या मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग झाले, आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. होजिअरीच्या कारखान्यातल्या सुती कतरणीपासून होणारा कागद आज देशविदेशातले कार्ड करणारे आवडीने घेतात.

तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. हातकागद आहे म्हणजे आम्लमुक्त असेलच असं नाही. आपल्याकडच्या काही कारखान्यांनी गिरणीसारखी राळ-तुरटी वापरली आहे. विक्रेत्याला खळ कसली आहे ते विचारावं. आम्ल तपासायचं पीएच पेन मिळत असेल तर पांढऱ्या कागदावर रेघ ओढून पाहावी. जांभळी उमटली तर ठीक, पिवळी राहिली तर फोटोखाली तो कागद लावू नये. रंगीत कागदावर हे पेन फसवतं. दुसरं म्हणजे कापणं. सुती कागदाचे लांब धागे क्रिकटच्या फिरत्या पात्यात अडकतात आणि कडा फाटतात, तर सिझिक्ससारख्या दाबयंत्रातला पोलादी साचा तोच कागद स्वच्छ कापतो. सरळ कड हवी असेल तर यंत्र लागतच नाही: ओल्या ब्रशने रेघ ओढावी, मिनिटभर थांबावं, पट्टी लावून कागद ओढावा. धागे सुटून जी मऊ कड येते, ती कुठल्याही नक्षीच्या कात्रीने येत नाही.