इंजिनाचे रनिंग-इन

नव्या किंवा खोलून पुन्हा बांधलेल्या इंजिनाचे एकमेकांवर घासणारे भाग जुळून येईपर्यंतचा सुरुवातीचा काळ, आणि त्या काळात गाडी चालवण्याची रीत, या दोन्हींना रनिंग-इन म्हणतात. गॅरेजमध्ये 'रिंगा बसल्या', 'इंजिन मोकळं झालं' असे शब्द ऐकू येतात. मराठीची गंमत अशी, की रिंगा बसल्या म्हणजे काम झाले आणि इंजिन बसले म्हणजे काम तमाम झाले. कारसाठी हा काळ साधारण पहिल्या १,००० ते १,५०० किलोमीटरचा धरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

सगळा खेळ सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा (पिस्टनभोवतीची धातूची कडी) यांच्यातला. बोअर केल्यावर (सिलिंडर आतून कापून मापाला आणल्यावर) भिंतीवर होनिंग करून, म्हणजे घासदगड फिरवून, तिरप्या रेघांची बारीक जाळी मुद्दाम उमटवतात. या रेघांत ऑइल टिकते, आणि रेघांमधले सूक्ष्म उंचवटे रिंगेशी घासून सपाट होतात. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते खरी, पण तिला घट्ट दाबतो तो जळत्या वायूचा दाब. तो रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणून इंजिनावर थोडा भार असल्याशिवाय रिंगा बसत नाहीत. भारच नसेल तर रिंग तेलावरून नुसती घसरत राहते, ते तेल तापून भिंतीवर काचेसारखा गुळगुळीत थर धरते आणि रेघा भरून जातात. मग गाडी ऑइल खाऊ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि पुन्हा होनिंग करण्यावाचून सहसा उपाय उरत नाही. उलट टोकाला, थंड किंवा कोऱ्या इंजिनाला एकदम ताणले तर उष्णता वाढून पिस्टन फुगतो, भिंतीवर ओरखडे पडतात आणि प्रसंगी तो जाम होतो.

'नवी गाडी आहे, सावकाश घ्या' हा सल्ला म्हणूनच अर्धाच खरा आहे. चाळीसच्या वेगाने टॉप गिअरमध्ये कण्हत जाणारी गाडी सावकाश जाते, पण ते तिच्या हिताचे नसते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम अ‍ॅक्सिलरेटरने वेग वाढवावा, मग पाय काढून गिअरमध्येच गाडी हळू होऊ द्यावी, पुन्हा वाढवावा. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये जी ओढ तयार होते, तिने भिंतीवर तेल पोचते आणि घासलेले कणही धुतले जातात. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, ट्रेलर ओढणे आणि तासभर एकाच वेगात जाणे या तिन्ही गोष्टी सुरुवातीला टाळायच्या.

खानदेशात ही तिसरी गोष्ट टाळणे सगळ्यांत अवघड. तापीच्या खोऱ्यातला सपाट प्रदेश, आणि सुरत–धुळे–जळगाव–नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चौपदरी. एकदा नव्वदवर काटा लागला की पाय हलवायची गरज पडत नाही. त्यापेक्षा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरचा रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा हा पट्टा रनिंग-इनला जास्त चांगला. दर थोड्या अंतरावर गाव, गतिरोधक, केळीचा ट्रक किंवा बैलगाडी. वेग आपोआप बदलत राहतो. वैताग ड्रायव्हरला, फायदा इंजिनाला.

दुसरी अडचण मुहूर्ताची. दसरा-दिवाळीला घेतलेली गाडी सुखात असते. पाडव्याची, आणि विशेषतः आखाजीची (अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात) गाडी मात्र एप्रिल-मेच्या तोंडावर दारात येते, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो. नव्या इंजिनात घर्षण जास्त, त्यात रेडिएटरला मिळणारी हवाच तापलेली, आणि एसी चालू. वर पहिली फेरी बहुधा देवाला. सप्तशृंगी कुलदैवत असलेली घरे खानदेशात पुष्कळ, तेव्हा पाच-सहा माणसे भरून गाडी थेट नांदुरीच्या घाटाला लागते. अशी पहिली फेरी करूच नये असे नाही. घाटात खालच्या गिअरमध्ये चढावे, इंजिनाला धाप लागू देऊ नये, तापमानाचा काटा पाहत राहावे, आणि वर पोचल्यावर लगेच चावी न फिरवता एखादे मिनिट इंजिन चालू ठेवावे. चाळीसगाव–कन्नड घाट किंवा धुळ्याजवळच्या लळिंग घाटालाही हेच लागू.

कारखान्यातून आलेल्या आजच्या इंजिनात होनिंग इतके सफाईदार असते की थोडी चूक खपून जाते. खरी काळजी बांधलेल्या इंजिनाची: काळी-पिवळी जीप, जुने पिकअप, बोअर मारून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढा मोठा) पिस्टन घातलेली गाडी. होनिंगनंतर ब्लॉक नुसता डिझेलने धुतला तर दगडाची भुकटी रेघांतच राहते. गरम पाणी आणि साबणाने घासून, फडके काळे येणे थांबेपर्यंत पुसून, लगेच तेल लावावे लागते. रिंगांची तोंडे (कड्याला जिथे फट असते ती जागा) एका रेषेत येऊ नयेत. चालू करण्याआधी इंजिनात ऑइल फिरवून प्रेशर आणावे, रेडिएटरमधली हवा काढावी.

आणि चालू झाल्यावर ते आयडलिंगवर तासन्‌तास सोडून चहाला जाऊ नये. काही गॅरेजांत ही सवय अजून आहे, आणि रिंगांवर भार नसण्याचा वर सांगितलेला तोटा तिथेच सुरू होतो. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटच्या इंजिनांत तर कॅमवर (टॅपेट ढकलून झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) तेल मुख्यतः क्रँकच्या उडवणीने पडते. कॅम नवा असेल तर पहिली वीस-तीस मिनिटे मिनिटाला २,००० ते २,५०० फेरे ठेवावे लागतात. आयडलिंगवर कॅमचे कोपरे झिजून जातात. यानंतर गाडी रस्त्यावर काढावी. पहिले ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरच्या आत बदलतात. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसणे अपेक्षित असते, चुरा दिसणे नाही. टॅपेट पुन्हा तपासतात, आणि हेडच्या गॅस्केटला गरज असेल तर बोल्ट पुन्हा आवळतात. या काळात साधे मिनरल ऑइल वापरायची जुनी रीत आहे. कारखान्यातून सिंथेटिक भरून आलेल्या गाडीत मात्र ते मुद्दाम बदलू नये.

डिझेल इंजिनाला बसायला पेट्रोलपेक्षा जास्त अंतर लागते. ट्रॅक्टरचा हिशेब किलोमीटरचा नसून तासांचा. पहिली सर्व्हिस बहुधा ५० तासांनी असते, आणि तोवर हलके-मध्यम काम द्यावे, खोल नांगरणीला जुंपू नये. नवे टायर आणि ब्रेक यांनाही पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळावे लागते, विजेच्या गाडीतसुद्धा.

रिंगा बसल्या की नाही हे मिस्त्री ऑइलचे झाकण उघडून पाहतो. बसल्या असतील तर इंजिन गरम असताना बॅक कॉम्प्रेशन (रिंगांजवळून खाली निसटणारा वायू) कमी झालेले असते, धूर झाकणातून फेकला जात नाही. घरच्या घरी पाहायचे तर सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक बघत राहावी. पातळी उतरायची थांबली की समजावे.