माहूची सर्व्हिस आणि न संपणारा सेट

टेनिसच्या जागतिक क्रमवारीत १४८वा असलेला खेळाडू म्हणजे सुमार खेळाडू, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. विम्बल्डनच्या पंधरवड्यात आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर एका ज्येष्ठ मित्रांनी हेच मत नेहमीच्या ठामपणे मांडले: "पहिल्या पन्नासांत ज्याचे नाव नाही, तो नुसता भरतीचा." त्यांना उत्तर म्हणून मी निकोला माहू या फ्रेंच खेळाडूचे उदाहरण दिले आणि मग वही काढून आकडेमोड करत बसलो. त्या आकडेमोडीतून जे हाती लागले ते क्रिकेटच्या सरासरीइतके सोपे नाही, पण शाळेत शिकलेल्या शक्यतेच्या गणितापलीकडे त्याला काही लागत नाही.

माहूचा जन्म १९८२ सालचा, पश्चिम फ्रान्समधल्या आंजे शहरातला. आपल्या वृत्तपत्रांत त्याचे आडनाव 'माहुत' असे छापले जाई, त्यामुळे अनेकांच्या डोळ्यांपुढे हत्ती उभा राहिला असणार. फ्रेंच उच्चारात शेवटचा 'त' गळतो. २००७ साली लंडनच्या क्वीन्स क्लबवरील अंतिम सामन्यात अँडी रॉडिकविरुद्ध त्याच्या हाती मॅच पॉइंट, म्हणजे जिंकला की सामनाच खिशात टाकणारा गुण, होता. तो निसटला, उरलेले दोन्ही सेट टायब्रेकरवर (सहा-सहा गेमच्या बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणाऱ्या जादा गेमवर) गेले आणि विजेतेपदही गेले. २०१०च्या जूनमध्ये तो १४८वा होता आणि विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश नसल्याने पात्रता फेऱ्या खेळत होता. तिथल्या एका सामन्यात त्याने शेवटचा सेट २४–२२ असा जिंकला. पुढे जे घडणार होते त्याची ही पूर्वसूचनाच होती, कारण एवढा लांब सेट एका विशिष्ट जातीच्या खेळाडूंच्याच वाट्याला येतो.

मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत त्याची गाठ अमेरिकेच्या जॉन इस्नरशी पडली, जो तेव्हा क्रमवारीत १९वा होता. २२ जूनच्या संध्याकाळी १८ क्रमांकाच्या कोर्टवर सुरू झालेला तो सामना अंधारामुळे दोनदा थांबवावा लागला आणि २४ जूनला संपला. इस्नर ६–४, ३–६, ६–७, ७–६, ७०–६८ असा जिंकला. प्रत्यक्ष खेळ ११ तास ५ मिनिटे चालला आणि त्यातला एकटा पाचवा सेट ८ तास ११ मिनिटांचा होता. तोवरचा सर्वांत लांब सामना २००४च्या फ्रेंच स्पर्धेतला, ६ तास ३३ मिनिटांचा, म्हणजे या एका सेटहूनही छोटा होता. इस्नरने ११३ आणि माहूने १०३ बिनतोड सर्व्हिस केल्या. कोर्टवरचा इलेक्ट्रॉनिक गुणफलक ४७–४७ला गोठला, कारण याच्या पुढे कोणी जाईल असे तो तयार करणाऱ्यांच्या मनातच आले नव्हते.

हे सारे कसे घडले? टेनिसमध्ये एक गेमभर एकच खेळाडू सर्व्हिस करतो. समजा, आपल्या सर्व्हिसवरचे १०० पैकी ८० गुण तो जिंकतो. मग तो गेम जिंकण्याची, म्हणजे सर्व्हिस राखण्याची शक्यता किती? 'अर्थात ८० टक्के' असे उत्तर बहुतेक जण देतात आणि ते चुकते. गेमला किमान ४ गुण लागतात. प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता गेम संपवण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ४१ टक्के. प्रतिस्पर्ध्याला एक गुण देऊन जिंकण्याचे मार्ग चार: गमावलेला गुण पहिला, दुसरा, तिसरा किंवा चौथा असू शकतो, पाचवा मात्र नाही, कारण शेवटचा गुण जिंकणाऱ्याचाच असावा लागतो. यातून ३३ टक्क्यांची भर पडते. दोन गुण देऊन जिंकण्याचे मार्ग १०, त्यांतून आणखी १६ टक्के. एवढ्यातच आपण ९० टक्क्यांवर पोहोचलो.

आता उरला ड्यूस. तीन-तीन गुणांवर बरोबरी होण्याचे २० मार्ग आहेत आणि तरीही इथवर पोहोचण्याची शक्यता अवघी ८ टक्के आहे. ड्यूसनंतर लागोपाठ दोन गुण मिळवणारा जिंकतो, आणि एकेक गुण विभागला गेला तर पुन्हा ड्यूस. तत्त्वतः हे अनंत काळ चालू शकते, म्हणून अनंत पदांची श्रेढी मांडावी लागेल असे वाटते. पण तिला बगल देता येते. सर्व्हिस करणाऱ्याने दोन्ही गुण जिंकण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४, प्रतिस्पर्ध्याने दोन्ही जिंकण्याची ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.०४. उरलेल्या ०.३२ मध्ये आपण जिथे होतो तिथेच परत येतो, तेव्हा तो भाग निकालावर काहीच परिणाम करत नाही. प्रमाण राहते ६४ ला ४, म्हणजे १६ ला १. ड्यूस झाला तरी १७ पैकी १६ वेळा सर्व्हिस राखली जाणार. सगळे मिळवले की बेरीज येते ९७.८ टक्के.

माझ्या मते टेनिसच्या गुणपद्धतीचे सारे मर्म या एका आकड्यात आहे. गुणाच्या पातळीवर ८० असलेले वर्चस्व गेमच्या पातळीवर जवळजवळ ९८ होते. रेडिओतील वर्धक जसा क्षीण लहरीला मोठी करतो, तसा गेम हा एक वर्धक आहे. ज्यांना गणिताचा कंटाळा असेल त्यांनी स्टीलच्या डब्यात दहा चिठ्ठ्या टाकाव्यात, आठांवर फुली मारावी, दोन कोऱ्या ठेवाव्यात, आणि एकेक काढून, पाहून, परत टाकून गेम खेळावेत. मी दोन संध्याकाळी बसून असे शंभर गेम केले, तेव्हा सर्व्हिस तीनदा भेदली गेली, म्हणजे सर्व्हिस करणारा तीन गेम हरला. पहिल्या संध्याकाळी ती एकदाही भेदली गेली नाही आणि डबा हलवण्यातच काही चूक होते आहे की काय, अशी घरच्यांना शंका आली.

इस्नर–माहू सामन्यात टायब्रेकर वगळता १८१ गेम झाले आणि सर्व्हिस फक्त तीनदा भेदली गेली: पहिल्या सेटमध्ये एकदा, दुसऱ्यात एकदा आणि अगदी शेवटच्या गेममध्ये. मधले सलग १६८ गेम सर्व्हिस करणाऱ्यानेच जिंकले. म्हणजे दोघांचेही सर्व्हिस राखण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास होते. त्या काळी विम्बल्डनच्या पाचव्या सेटला टायब्रेकर नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचे असा नियम होता. सहा-सहानंतर प्रत्येकी एक सर्व्हिस, म्हणजे दोन गेमची एक जोडी धरू. एकाने राखली आणि दुसऱ्याची भेदली गेली, तरच त्या जोडीत सेट संपतो. त्याची शक्यता २ गुणिले ०.९८ गुणिले ०.०२, म्हणजे ४ टक्क्यांहून किंचित कमी. सहा-सहावरून ६८–६८ला पोहोचायला अशा ६२ जोड्या लागोपाठ अनिर्णित जाव्या लागतात. ०.९६०८ चा ६२वा घात काढला की उत्तर सुमारे ०.०८ येते, म्हणजे बारांत एक. हेच प्रमाण ९० टक्के असते, तर तीच शक्यता सुमारे २ लाख २० हजारांत एक झाली असती, आणि ८० टक्के असते तर जवळपास २,४०० कोटींत एक. सर्व्हिस राखण्याचे प्रमाण नव्वदीच्या घरात आठ टक्क्यांनी वर सरकले की अशक्यप्राय गोष्ट एकदम नेहमीच्या व्यवहारात येऊन बसते.

इथे एक कबुली द्यायला हवी. ९८ हा आकडा मी याच सामन्यातून काढला आणि त्यानेच या सामन्याची शक्यता मोजली, हे पेपर फुटल्यावर परीक्षा देण्यासारखे आहे. सामना सुरू होण्याआधी कोणी एवढे प्रमाण गृहीत धरले नसते. तेव्हा खरी शक्यता बारांत एक आणि दोन लाखांत एक यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

दुसरे गृहीतक असे, की प्रत्येक गुण हा आधीच्या गुणापासून स्वतंत्र आहे. समालोचक मंडळींना हे अजिबात मान्य नसते. 'लय सापडली', 'वारे फिरले', 'आज ग्रहच अनुकूल आहेत' अशी भाषा दर दहा मिनिटांनी कानावर येते, आणि अलीकडे तर पडद्यावर वरखाली नाचणारा आलेखही दाखवतात. फ्रांक क्लासन आणि यान माग्नुस या संख्याशास्त्रज्ञांनी विम्बल्डनमधील सुमारे ९०,००० गुण तपासून २००१ साली निष्कर्ष काढला, की गुण अगदी काटेकोरपणे स्वतंत्र नसतात. आधीचा गुण जिंकल्याचा थोडा परिणाम दिसतो, पण तो इतका लहान असतो की बहुतेक हिशेबांसाठी स्वातंत्र्याचे गृहीतक चालून जाते. ग्रहांचा परिणाम त्यांनी तपासला नाही, आणि तपासायची गरजही नव्हती.

'माहू शेवटी दडपणाखाली कोसळला' या शेऱ्याकडेही याच नजरेने पाहावे. पाचव्या सेटमध्ये पहिली सर्व्हिस इस्नरची होती, त्यामुळे ४–५ पासून पुढे दर वेळी माहू हरू नये म्हणून सर्व्हिस करत होता. अशी वेळ त्याच्यावर ६५ वेळा आली. ६४ वेळा त्याने सर्व्हिस राखली आणि ६५व्या वेळी इस्नरच्या बॅकहँडच्या एका फटक्याने सामना संपला. ज्याची सर्व्हिस राखण्याची शक्यता दर वेळी पुरती ९८ टक्के आहे, त्यालाही ती ६५ वेळा लागोपाठ राखता येण्याची शक्यता ०.९८ चा ६५वा घात, म्हणजे सुमारे २७ टक्केच असते. चारांपैकी तीन वेळा असा खेळाडू मध्येच कुठेतरी घसरणार. माहू सगळ्यात शेवटी घसरला.

आणखी एक गोष्ट माझ्या मित्रांना अजूनही पटलेली नाही. सामन्यात एकूण ९८० गुण खेळले गेले, त्यांतले माहूने ५०२ जिंकले आणि इस्नरने ४७८. चोवीस गुण जास्त मिळवून माहू हरला. गुण गेममध्ये, गेम सेटमध्ये आणि सेट सामन्यात असे बांधले जातात, आणि प्रत्येक गाठीपाशी उरलेली शिल्लक पुसली जाते: गेम एकही गुण न देता जिंकला काय किंवा चार ड्यूसनंतर जिंकला काय, हाती येतो एकच गेम. एकूण गुणांत मागे राहूनही सर्व्हिस भेदण्याच्या संधी इस्नरला १४ मिळाल्या आणि माहूला फक्त ३. गुण किती, यापेक्षा ते कुठे साठतात हे महत्त्वाचे ठरले.

क्रमवारीचे कोडे याच वर्धकाने सुटते. सर्व्हिस कोणाची हा फरक बाजूला ठेवून समजा, एक खेळाडू दुसऱ्याविरुद्ध सरसकट ५१ टक्के गुण जिंकतो. तर तो गेम ५२.५ टक्के, सेट ५७ टक्के आणि पाच सेटचा सामना ६३ टक्के वेळा जिंकेल. ५५ टक्के गुण जिंकत असेल, तर गेम ६२, सेट ८१ आणि सामना ९५ टक्के. रॉजर फेडररने २०२४ साली डार्टमथ महाविद्यालयातील पदवीदान भाषणात सांगितले होते, की कारकिर्दीतले जवळजवळ ८० टक्के सामने त्याने जिंकले, पण गुण मात्र ५४ टक्केच. त्यावर पुन्हा बाद फेरीच्या स्पर्धेचा वर्धक बसतो: ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला क्रमवारीचे १० गुण, विजेत्याला २,०००. शंभर गुणांमागे एकदोन गुणांचा फरक असा पायरीपायरीने फुगत जाऊन क्रमवारीत शंभर जागांचा होतो. १४८वा खेळाडू ज्या अंतराने मागे असतो, ते अंतर कोर्टवर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

माहूसारख्या जोरकस सर्व्हिस करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांची सर्व्हिस भेदली जात नाही आणि त्यांना दुसऱ्याचीही सहसा भेदता येत नाही, त्यामुळे सेट टायब्रेकरपर्यंत ओढले जातात, आणि टायब्रेकर हा पूर्ण सेटच्या मानाने दुबळा वर्धक आहे. तिथे नाणेफेकीचा अंश जास्त. ज्या पृष्ठभागावर चेंडू कमी उसळतो आणि सरपटत जातो, त्या हिरवळीवर अशा खेळाडूला थोडा जास्त फायदा मिळतो. माहूने एकेरीची चार एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतली) विजेतेपदे मिळवली ती चारही हिरवळीवरच: नेदरलँड्समधल्या सेर्तोखेनबॉशला २०१३, २०१५ आणि २०१६ मध्ये आणि अमेरिकेतल्या न्यूपोर्टला २०१३ मध्ये. एकेरीतला त्याचा सर्वोच्च क्रमांक ३७वा, तोही २०१४ साली, वयाच्या बत्तिशीत. दुहेरीत सर्व्हिस आणि जाळ्याजवळचा खेळ यांना अधिक मोल असते. तिथे २०१६ साली तो जगात पहिला झाला आणि पिएर-युग एर्बेरबरोबर त्याने चारही ग्रँड स्लॅम जिंकली.

२०११च्या विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत सोडतीने माहू आणि इस्नर यांनाच पुन्हा समोरासमोर आणले. प्रेक्षक डबे बांधून तयारीने आले असतील. इस्नर ७–६, ६–२, ७–६ असा जिंकला; सगळे मिळून ३४ गेम. विम्बल्डनने २०१९ पासून शेवटच्या सेटमध्ये १२–१२ला टायब्रेकर आणला, आणि २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये तो ६–६लाच, दहा गुणांचा, खेळवला जातो. त्यामुळे डब्यातल्या चिठ्ठ्यांचा माझा खेळही आता ६–६ला थांबतो, जुना नियम लावून बसलो तर घरचे जेवायला हाका मारतात.