हेन्गुर्टच्या पोथ्या: वाचल्या कशा, पोहोचल्या कुठे

१८५९ मध्ये वेल्सच्या मेरियनथ परगण्यातले जमीनदार सर रॉबर्ट विल्यम्स वॉन वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. जमीनजुमला नात्यागोत्यात गेला, पण घरातल्या जुन्या पोथ्या त्यांनी मृत्युपत्रात एका स्नेह्याच्या नावे केल्या होत्या: विल्यम वॉटकिन एडवर्ड विन, पेन्यार्थचे जमीनदार, तेव्हाचे खासदार आणि जुन्या कागदपत्रांचं वेड असलेला माणूस. त्या पोथ्या डॉलगेल्लाय गावाजवळच्या हेन्गुर्टहून, म्हणजे वॉन घराण्याच्या घरातून, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या पेन्यार्थच्या वाड्यात आल्या. वेल्श भाषेचं मध्ययुगीन साहित्य आज आपल्यापर्यंत पोहोचलं आहे ते पुष्कळसं या एका मृत्युपत्रामुळे. वारसाने त्या लंडनच्या लिलावात काढल्या असत्या तर कुठे कुठे पांगल्या असत्या कोण जाणे.

हेन्गुर्ट म्हणजे 'जुना वाडा'. वेल्शमध्ये डब्ल्यू हे अक्षर स्वर म्हणूनही चालतं, त्यामुळे हे नाव इंग्रजी लिपीत पाहिलं की शेवटी नुसती व्यंजनांची रांग दिसते. आज हा संग्रह हेन्गुर्टच्या नव्हे, पेन्यार्थच्या नावाने ओळखला जातो. गोळा करणाऱ्याचं नाव मागे पडलं आणि सांभाळणाऱ्याचं चिकटलं. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं, कारण गोळा करणारा माणूस फार मोठा होता.

तो म्हणजे याच घराण्याचा जुना पूर्वज, त्याचंही नाव रॉबर्ट वॉन. जन्म १५९२ च्या सुमाराचा, मृत्यू १६६७. १६१२ मध्ये ऑक्सफर्डच्या ओरियल कॉलेजात दाखल झाला, पदवी न घेताच परतला, हेन्गुर्टला राहिला आणि जन्मभर वंशावळ्या, बखरी, कायदे, कविता जमवत बसला. आर्मामधले आर्चबिशप जेम्स अशर, कायदेपंडित जॉन सेल्डन अशा मातब्बर विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. स्वतः छापलं मात्र फार थोडं. १६६२ मध्ये वेल्श राजवंशांच्या ज्येष्ठतेवर एक छोटं पुस्तक आलं, एवढंच. बाकीचं आयुष्य नकला, टिपणं आणि संग्रह यांत गेलं.

एका डोंगराळ परगण्यातल्या मध्यम जमीनदाराला हे वेड लागलं कुठून? कारण अगदी व्यवहारी होतं. जुन्या वेल्श कायद्यात जमिनीचा हक्क भाऊबंदकीवर ठरे. कोण कुणाच्या कितव्या पिढीतला हे सिद्ध करता आलं तरच शेत तुमचं. त्यामुळे वंशावळ हा मालमत्तेचा पुरावा असे. १५३६ च्या कायद्याने वेल्सचा कारभार इंग्लंडच्या कायद्याखाली आणला, न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवली आणि इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी पदाचं दार बंद केलं. पुराव्याचा व्यावहारिक उपयोग संपत गेला, पण कुळाचा अभिमान काही संपला नाही. 'उखेलविर' म्हणजे कुलीन जमीनदार घराणी. याच घराण्यांच्या दिवाणखान्यांत पूर्वी भाट कविता म्हणत आणि वंशावळी गात. आता त्यांची मुलं इंग्रजी शिकून लंडनकडे पाहू लागली, भाटांना आश्रय उरला नाही. वॉन ज्या काळात जमवत होता तो काळ म्हणजे अशा घरांच्या माळ्यांवरून पोथ्या खाली उतरण्याचा काळ.

त्याआधी एक मोठी उलथापालथ होऊन गेली होती. १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. वेल्श पोथ्या लिहिल्या गेल्या त्या मुख्यतः सिस्टर्शियन आणि ऑगस्टिनियन मठांत. मठ गेले तसे ग्रंथ उघड्यावर पडले. यातली गंमत अशी की मठांची झडती घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपैकीच एकाने पोथ्या उचलून जपल्या. सर जॉन प्राइस हे त्याचं नाव. वेल्शमधलं पहिलं छापील पुस्तक १५४६ मध्ये काढलं तेही यानेच. कारमार्थनच्या मठाशी जोडलं जाणारं 'काळं पुस्तक' त्याच्या हाती सेंट डेव्हिड्सच्या चर्चच्या खजिनदाराकडून आलं, असं सांगतात. पुढे ते या हातातून त्या हातात फिरत वॉनकडे पोहोचलं.

'कारमार्थनचं काळं पुस्तक' हे नाव भारदस्त, वस्तू मात्र लहानशी. हातात सहज मावणारी, ५४ चर्मपत्रांची पोथी. साल साधारण १२५०. केवळ वेल्शमध्ये लिहिलेल्या ज्या अगदी जुन्या पोथ्या उरल्या आहेत त्यांतली ही एक. एकाच माणसाने ती बऱ्याच वर्षांत लिहिली असावी, कारण अक्षर पानागणिक बदलतं: कधी ठसठशीत, मोठं, एका पानावर मोजक्या ओळी, कधी चर्मपत्र पुरवून वापरायचं म्हणून बारीक आणि दाटीवाटीचं. आत धार्मिक कविता आहेत, मिर्दिन म्हणजे मर्लिनच्या तोंडी घातलेली भाकितं आहेत, आणि वीरांच्या थडग्यांची एक लांब यादी आहे. कोण कुठे पुरला आहे हे कडव्याकडव्याने सांगत जाणारी ही कविता आर्थर राजापाशी येते तेव्हा म्हणते की त्याचं थडगं सापडणं या जगात अवघड. राजा परत येईल या दंतकथेला या एका ओळीचा केवढा आधार वाटत आला असेल.

वॉनच्या कपाटात याच तोलामोलाच्या आणखी पोथ्या होत्या. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं 'तालिएसिनचं पुस्तक'. सेरेडिगियनमधल्या रिदर्ख नावाच्या जमीनदारासाठी १३५० च्या आसपास पाच लेखनिकांनी लिहिलेलं 'पांढरं पुस्तक', ज्यात आज 'माबिनोगियन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कथांची सर्वांत जुनी भरीव प्रत आहे. हा रिदर्ख वेल्श कायद्याचा जाणकार होता आणि गोष्टींची हौस असलेला गृहस्थ. म्हणजे वॉनच्या तीनशे वर्षं आधीही पोथ्यांच्या पाठीशी जमीनदारच उभा होता. तेराव्या शतकाच्या मध्यातली, ह्वेल द्दा या राजाच्या नावाने चालत आलेल्या कायद्यांची लॅटिन पोथी आहे. तिच्यात राजा, न्यायाधीश, दरबारातले सेवक यांची साधीसुधी चित्रं काढलेली आहेत. ही पोथी मधल्या काळात इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या मठात जाऊन आली.

वेल्श नसलेली मोठी वस्तूही या घरात निघाली. मध्ययुगीन इंग्रजी कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' या कथाकाव्याची १४०० च्या सुमाराची प्रत, आजच्या अभ्यासकांच्या मते उरलेल्या प्रतींमध्ये सर्वांत जुन्यांपैकी. वॉनकडे येण्याआधी ती चेस्टरच्या एका कापडव्यापाऱ्याकडे होती. तिच्या कथांचा क्रम उलटसुलट आहे आणि कडा उंदरांनी कुरतडलेल्या आहेत. इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणारे लोक अक्षर न अक्षर तपासतात ती ही पोथी, आणि तिच्या कोपऱ्यांवर उंदरांनी आधीच हक्क सांगितलेला!

संग्रह एवढा मोठा होण्यामागे आणखी एक माणूस आहे, आणि मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. फ्लिंटशरमधल्या गेल्लिलिव्दीचा जॉन जोन्स. कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांत तो इतका बुडाला की लंडनच्या फ्लीट तुरुंगात वर्षंच्या वर्षं काढली. तुरुंगात त्याने काय केलं? जुन्या वेल्श पोथ्यांच्या नकला. अक्षर असं वळणदार की पानाच्या सुरुवातीच्या नक्षीदार अक्षरावर नजर थांबून राहते. शेतीच्या अवजारांपासून विषयवार वेल्श शब्दांच्या याद्याही त्याने करून ठेवल्या. काही मूळ पोथ्या पुढे नाहीशा झाल्या आणि त्यांतला मजकूर फक्त जोन्सच्या नकलेत उरला. वॉन आणि जोन्स यांच्यात करार होता की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या पोथ्या घ्याव्यात, असं परंपरेने सांगितलं जातं. करार असो वा नसो, १६५८ च्या सुमारास जोन्स गेला आणि त्याचा संग्रह हेन्गुर्टला आला. त्याच वर्षी विल्यम मॉरिस नावाच्या दुसऱ्या एका संग्राहकाने हेन्गुर्टच्या पोथ्यांची सूची केली. ही सूची फार मोलाची, कारण पुढे काय हरवलं ते तिच्यावरूनच कळतं.

वॉननंतरच्या पिढ्यांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे, आणि तेच महत्त्वाचं आहे. त्यांनी फारसं काहीच केलं नाही. विकलं नाही, वाटलं नाही, वाचलंही बहुधा नाही. लग्नसंबंधातून हेन्गुर्ट शेजारच्या नन्नायच्या जहागिरीशी जोडलं गेलं, घराण्याला बॅरोनेट किताब मिळाला, पोथ्या जिथल्या तिथे. पाहुण्या विद्वानांना दार सहज उघडत नसे. अभ्यासकांनी यावर पुष्कळ कुरकुर केली आहे आणि ती रास्तही आहे. पण दार उघडं ठेवलं की काय होतं याचंही उदाहरण याच घरात आहे: 'अनेरिनचं पुस्तक', म्हणजे 'गोदोद्दिन' या जुन्या वीरकाव्याची एकमेव मध्ययुगीन पोथी, हेन्गुर्टच्या कपाटातून अठराव्या शतकात बाहेर गेली ती परत आलीच नाही. हातोहात फिरत १८९६ मध्ये ती कार्डिफच्या ग्रंथालयाने विकत घेतली. सुदैवाने शाबूत.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. हाफोदच्या टॉमस जॉन्सचं ग्रंथालय १८०७ च्या आगीत गेलं. विन्स्टेच्या वाड्याला मार्च १८५८ मध्ये आग लागली आणि तिथल्या वेल्श पोथ्या जळाल्या. म्हणजे हेन्गुर्टच्या वॉन साहेबांचं निधन होण्याच्या जेमतेम वर्षभर आधी! सगळं एका छपराखाली ठेवण्याचा धोका किती मोठा असतो, हे तेव्हा मेरियनथमध्ये कुणाला सांगावं लागलं नसेल. उबेसाठी शेकोट्या आणि उजेडासाठी मेणबत्त्या असलेल्या दगडी घरांत या पोथ्यांनी दोनशे वर्षं काढली.

पेन्यार्थला आल्यावर वारं बदललं. विन स्वतः अभ्यासक. त्याने १८६९ पासून या पोथ्यांची सूची एका पुरातत्त्वविषयक नियतकालिकात छापली आणि अभ्यासकांना येऊ दिलं. ती करतानाच १८६९ मध्ये त्याच्या हाती एक वेगळंच बाड लागलं. भाषा वेल्श नव्हती. ते होतं कॉर्निश भाषेतलं १५०४ सालचं नाटक, संत मेरियासेकचं चरित्र सांगणारं. कॉर्निशमधलं मध्ययुगीन वाङ्मय मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढं, त्यात ही भर.

इथे भारताचा एक धागा सापडतो. हे नाटक भाषांतरासह १८७२ मध्ये छापलं ते व्हिटली स्टोक्सने. स्टोक्स हा आयरिश, केल्टिक भाषांचा पंडित, आणि नोकरीने ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा कायदेतज्ज्ञ. १८६२ मध्ये तो भारतात आला आणि १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या परिषदेत कायदा सदस्य होता. १८८२ च्या दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया संहितांच्या मसुद्यांवर त्याचा हात आहे. ज्या मिळकत हस्तांतरण कायद्याचं नाव आपल्याकडे घराच्या खरेदीखताच्या वेळी वकिलाच्या तोंडून ऐकू येतं, तो १८८२ चा कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला. कलकत्त्याच्या उकाड्यात दिवसा कलमं आणि फावल्या वेळी कॉर्निश क्रियापदं!

विनच्या मृत्यूनंतर (१८८०) संग्रह त्याच्या मुलाकडे आला. पुढच्या कामात जे. ग्वेनोग्व्रिन एव्हान्स हे नाव टाळता येत नाही. मूळचा धर्मोपदेशक, मग लिपितज्ज्ञ. त्याने 'काळ्या पुस्तका'ची छायाप्रत १८८८ मध्ये काढली, आणि सरकारी हस्तलिखित आयोगासाठी पेन्यार्थच्या पोथ्यांचा अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे काही सिद्धान्त विक्षिप्त ठरले, पण नुसती नक्कल करताना त्याचा डोळा सहसा चुकत नसे.

त्याच सुमारास सर जॉन विल्यम्स मैदानात उतरले. कारमार्थनशरच्या शेतकरी कुटुंबातून आलेले, लंडनचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ, राणी व्हिक्टोरियाच्या घराण्याचे वैद्य. आयुष्यभराची मिळकत वेल्श ग्रंथांवर लावणारा माणूस. त्यांनी पेन्यार्थच्या पोथ्यांवरचा पुढचा हक्क आधीच विकत घेऊन ठेवला: मालक हयात असेतो पोथ्या वाड्यातच राहतील, नंतर विल्यम्स यांच्याकडे येतील. मग त्यांनी आपली अट पुढे केली. वेल्सचं नवं राष्ट्रीय ग्रंथालय अॅबरिस्टविथ गावात होणार असेल तरच संग्रह देईन. कार्डिफ मोठं, श्रीमंत शहर, त्याचाही दावा जोरदार होता. १९०५ मध्ये तोड निघाली: ग्रंथालय अॅबरिस्टविथला, वस्तुसंग्रहालय कार्डिफला. १९०७ मध्ये राजसनद मिळाली, १ जानेवारी १९०९ रोजी तात्पुरत्या जागेत काम सुरू झालं, आणि त्याच वर्षी पेन्यार्थचे मालक वारले. पोथ्या थेट नव्या ग्रंथालयात आल्या. विल्यम्स ग्रंथालयाचे पहिले अध्यक्ष झाले. टेकडीवरच्या इमारतीची पायाभरणी १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते झाली. दुसऱ्या महायुद्धात त्याच टेकडीच्या खडकात भुयार खोदून मौल्यवान ग्रंथ आत ठेवले गेले. बॉम्बच्या भीतीने ब्रिटिश म्युझियमनेही आपल्या वस्तू तिथे पाठवल्या होत्या.

आज संग्रहात साडेपाचशेच्या वर पोथ्या आहेत. २०१० मध्ये त्यांची नोंद युनेस्कोच्या ब्रिटनमधल्या 'जागतिक स्मृती' यादीत झाली. मुख्य पोथ्यांच्या पानांची छायाचित्रं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

एक शेवटची गोष्ट राहिली. २०१५ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी 'काळ्या पुस्तका'ची पानं अतिनील प्रकाशाखाली धरली. साध्या डोळ्यांना कोऱ्या वाटणाऱ्या समासात दोन चेहरे दिसू लागले, बाजूला कवितेच्या ओळी. वेगवेगळ्या काळांतल्या वाचकांनी समासात काढलेलं, लिहिलेलं बरंच काही कुणीतरी नंतर घासून पुसून टाकलं होतं. अभ्यासकांचा संशय सोळाव्या शतकातल्या एका मालकावर आहे, जास्पर ग्रिफिथवर. पोथी वॉनपर्यंत पोहोचली ती ज्या हातांतून, त्यांतलाच हा एक. त्याला बहुधा पोथी स्वच्छ करायची होती.