पाचारण, ख्रिस्ती (बेळगाव सीमाभागातील मराठी परंपरेसह)

पाचारण : शेत, माग, कारखाना, शाळा वा स्वयंपाकघर, जिथे ज्याचे रोजचे काम असेल तिथे ते देवाने सोपविलेली सेवा समजून मनापासून करावे, अशी ख्रिस्ती शिकवण. मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’ (हाक, बोलावणे). मराठी बायबलात त्यासाठी ‘पाचारण’ हा शब्द रूढ आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड उपासना शेजारी शेजारी चालतात. कन्नडात याच अर्थाने ‘करे’ म्हणतात.

शिकवणीचा मुख्य आधार नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या नावावरील पत्रांत आहे. जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे कलस्सैकरांस पत्रात (३:२३) सांगितले आहे. त्याच संदर्भात ‘ऑफ्थाल्मोदुलिया’ हा विरळा शब्द येतो. नव्या करारात तो दोनच ठिकाणी आढळतो (कलस्सै ३:२२, इफिस ६:६) आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘डोळ्यांदेखतची गुलामी’ असा आहे. मराठीत त्यासाठी ‘तोंडदेखली चाकरी’ हा नेमका प्रयोग मिळतो. मुकादम समोर असेपर्यंत हात चालतो आणि पाठ वळली की थांबतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो वेगळा उलगडून सांगावा लागत नाही. या दोन पत्रांच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. इफिसकरांस पत्र पौलाच्या शिष्यपरंपरेतले असावे, असे मानणारे बरेच आहेत. पौल स्वतः तंबू करण्याचा धंदा करी (प्रेषितांची कृत्ये १८:३).

खरा वाद १ करिंथ ७:२० या वचनाचा आहे. हे पत्र साधारणपणे इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यानचे मानतात. ज्याला ज्या पाचारणात बोलावणे झाले त्याने त्यातच राहावे, असे तेथे म्हटले आहे. येथे ‘क्लेसिस’ म्हणजे माणसाची सामाजिक अवस्था, की त्या अवस्थेत असताना आलेली विश्वासाची हाक? पहिला अर्थ घेतल्यास दासाने दासच राहावे, असे निघते. पुढच्याच वचनातील (७:२१) ‘माल्लोन ख्रेसाई’ (‘उलट उपयोग कर’) हे शब्द इतके तुटक आहेत की ‘मोकळे होण्याची संधी मिळाली तर ती घे’ आणि ‘संधी मिळाली तरी दास्याचाच उपयोग कर’ असे दोन उलट अर्थ त्यांतून लावले गेले. नव्या करारात ‘क्लेसिस’ हा शब्द इतरत्र देवाच्या हाकेसाठीच येतो, धंद्यासाठी नव्हे. त्यामुळे दुसरी बाजू, म्हणजे विश्वासाची हाक आणि सुटकेची मुभा, अधिक ग्राह्य वाटते.

धंद्याचा अर्थ या शब्दाला मुख्यतः जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या बायबल-भाषांतरामुळे चिकटला. १५२२ च्या नव्या करारात त्याने या जागी ‘हाक’ अशा अर्थाचा जर्मन शब्द योजला. पुढील आवृत्त्यांत ‘बेरूफ’ आला. ‘बेरूफ’चा आजचा धंदेवाचक अर्थ लूथरच्या सिराख (११:२०–२१) या ग्रंथाच्या भाषांतरात प्रथम दिसतो, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचे मत (१९०४–०५). चर्चचे इतिहासकार कार्ल होल यांनी हा धागा लूथरपूर्व जर्मन गूढवाद्यांपर्यंत, विशेषतः टाउलरपर्यंत, मागे नेला. मठवासी झाल्यानेच माणूस देवाला अधिक प्रिय होतो ही कल्पना लूथरने नाकारली. बाळाचे लंगोट धुणारा बापही देवाचेच काम करतो, असे त्याने आवर्जून सांगितले. कॅथलिक परंपरेत मठवाशांसाठीच्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने (प्रकरण ४८) हातांच्या कामाला आधीच मान दिला होता. १ मे हा कामगार संत योसेफाचा सण १९५५ मध्ये पोप बाराव्या पायसने सुरू केला.

सीमाभागात ही शिकवण मुख्यतः दोन वाटांनी आली. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेचे काम १८२० मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. कॅथलिकांचे मूळ गोव्याशी जुळलेले असून बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा आहे.

या भूमीत कामाची प्रतिष्ठा सांगणारा विचार आधीपासून होता. ‘कायकवे कैलास’ (कायक म्हणजे कष्टाचे काम, तेच कैलास) हे वचन सर्रास बसवेश्वरांच्या नावे सांगितले जाते, पण ते आय्दक्की मारय्या या शरणाच्या (लिंगायत संताच्या) वचनात येते. सांडलेले तांदूळ वेचणे हा त्याचा कायक. एके दिवशी त्याने गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले, अशी कथा आहे. ख्रिस्ती पाचारण आणि कायक यांत साम्य मोठे आहे. फरक असा की कायकात कर्मच कैलास होते, तर पाचारणात काम हे हाकेला दिलेले उत्तर असते. तारण त्या कामाने मिळत नाही.

‘आहे त्यात राहा’ हे वचन जातिव्यवस्थेत उच्चारले की त्याचा अर्थ बदलतो, आणि येथे फार जपावे लागते. पिढीजात काम लादले गेलेल्या समाजांतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना ते जुनीच बेडी वाटू शकते. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडले. जन्माने मिळालेल्या धंद्याला पाचारण म्हणता येत नाही. दक्षिणेकडे बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने धर्मांतरानंतर जुनी उपजीविका तुटलेल्यांसाठी माग आणि कौलांचे कारखाने काढले (कौलांचा मंगळूर येथे, १८६५). बेळगाव भागातील जुन्या घरांवरची मंगलोरी कौले त्याच उद्योगातून रूढ झाली.

निष्ठेची ही शिकवण एकतर्फी नाही. धन्यांनी न्यायाने व समतेने वागावे, कारण त्यांनाही स्वर्गात धनी आहे (कलस्सै ४:१), हे वचन त्याच उताऱ्याचा भाग आहे. निपाणीच्या विडी धंद्यात याचा अर्थ स्पष्ट दिसतो. वळणारीने हजारात पोकळ विड्या खपवू नयेत, ही एक बाजू. तपासणाऱ्याने चांगल्या विड्या ‘छाट’ (नापास) ठरवून फुकट ठेवून घेऊ नयेत, ही दुसरी. केवळ पहिली बाजू ऐकवणारे प्रवचन अर्धेच म्हणावे लागते.

बायबलातील ‘विश्वासू कारभारी’ (१ करिंथ ४:२) ही प्रतिमा मराठी कानाला विशेष जवळची आहे. खेड्यात बाई नवऱ्यालाही ‘कारभारी’ म्हणते. घर त्याने चालवायचे, पण ते त्याच्या एकट्याचे नव्हे, हा भाव शब्दात आहेच.

आचारात ही शिकवण हंगामाच्या सणाला ठळक दिसते. सुगीनंतरच्या रविवारी वेदीपुढे भाताच्या लोंब्या, जोंधळ्याची कणसे, भोपळे, नारळ मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. जिंकलेला नारळ घेणारा पुन्हा लिलावाला देतो, त्यामुळे एकच नारळ दोन-तीनदा विकला जातो. ज्यांना शेत नाही ते मजुरीतला वाटा पाकिटात घालून आणतात, आणि ते पाकीट कणसांच्या पेंढीशेजारीच ठेवले जाते.