थंडीच्या भाज्या: रोपे नेण्याआधी वाफा तयार करा

थंडीची चाहूल लागली की आमच्या रोपवाटिकेत पहिला प्रश्न येतो, "कोबी-फ्लॉवरची रोपे तयार आहेत का?" आम्ही उलट विचारतो, "तुमचा वाफा तयार आहे का?" रोपे ट्रेमध्ये आठवडाभर सहज थांबतात. घाईत खणून बिघडलेली माती मात्र त्या हंगामात सहसा सावरत नाही. म्हणून या पत्रकात रोपांपेक्षा मातीबद्दल जास्त लिहिले आहे.

आधी वाफसा पाहा

ओल्या जमिनीत कुदळ घालू नका. चिकणमाती ओली असताना तिच्यावर पाय पडले की कणांमधल्या पोकळ्या दाबल्या जातात, आणि वाळल्यावर तीच माती विटेसारखी घट्ट होते. मग मुळांना हवा मिळत नाही, पाणीही वरच साचते. अगदी कोरडी जमीन खणली तर नुसती ढेकळे निघतात. या दोन्हींच्या मधला वाफसा गाठायचा असतो.

तो हातानेच ओळखता येतो. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन मूठ घट्ट आवळा. गोळा झाला की त्याला अंगठ्याने टोचा. गोळा भुसभुशीत फुटला तर त्याच दिवशी कामाला लागा. अंगठ्याचा नुसता ठसा उमटला आणि गोळा तसाच राहिला, तर दोन दिवस थांबून पुन्हा पाहा. गोळा झालाच नाही, तर पाणी देऊन वाफशाची वाट पाहा.

एका हंगामात आम्हीच ही वाट पाहिली नाही. ओल्यातच खणलेल्या वाफ्यात गाजर पेरले. पाला सुरेख आला, पण उपटल्यावर एकेका गाजराला दोन-तीन फाटे, काही तर खालच्या कडक थराला टेकून आडवी वळलेली. शेजारच्या वाफ्यात तेच बी सरळ खाली गेले होते. तेव्हापासून मूठ आवळून पाहिल्याशिवाय आम्ही कुदळ हातात घेत नाही.

खत किती आणि कोणाला

मागच्या पिकांची धसकटे आणि तण काढून घ्या. चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट 3 ते 5 सेंटीमीटर जाडीने पसरा, म्हणजे एका चौरस मीटरला 15 लिटरच्या साधारण दोन ते तीन बादल्या. ते वरच्या 15-20 सेंटीमीटर मातीत मिसळा. कुजलेल्या खताला मातीसारखा वास येतो, आत हात घातला तर ऊब लागत नाही आणि त्यात काय टाकले होते ते ओळखू येत नाही. ताज्या शेणखताने कोवळी मुळे पोळतात. लाकडाचा कच्चा भुसा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःच वापरतात आणि रोपे पिवळी पडतात.

सगळ्या भाज्यांना सारखे खत मात्र देऊ नका. कोबी आणि फ्लॉवर खताला खादाड आहेत, त्यांना भरपूर लागते. गाजर आणि मुळा मागच्या पिकाला खत दिलेल्या वाफ्यातच लावा, नाहीतर पाला माजतो आणि कंद बारीक राहतो. वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र पकडून देतात. त्याला वरून नत्र दिले तर वेल हिरवागार होतो, शेंगा कमी लागतात.

बहुतेक भाज्यांना 6 ते 7 सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) मानवतो. चुन्याने तो वाढतो, म्हणून माती तपासल्याशिवाय चुना टाकू नका.

बी पेरायचे की रोप लावायचे

गाजर, मुळा, वाटाणा, पालक, मेथी आणि कोथिंबीर जागेवरच पेरा. गाजराचे सोटमूळ हलवले की त्याला फाटे फुटतात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल असावे. धणे पेरण्याआधी हलकेच रगडून दोन फाकी करा, प्रत्येक फाकीत एक बी असते. बिटाचे 'बी' म्हणजे बियांचा झुबका, त्यामुळे एका जागी तीन-चार रोपे उगवली तर नवल वाटू देऊ नका. एक ठेवा, बाकीची खुडा. विरळणी करताना सगळ्यांचाच जीव कळवळतो हे आम्हाला माहीत आहे, पण दाटीतले गाजर बोटाएवढेही होत नाही. दोन गाजरांत 5 ते 8 सेंटीमीटर जागा हवीच.

मुळा चार-सहा दिवसांत उगवतो. गाजराला दोन-तीन आठवडेही लागतात आणि तोवर वरची माती एकदाही सुकता कामा नये. लेट्यूस आणि पालकाची घाई करू नका. माती 30 अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असेल तर ते बी नीट उगवत नाही.

कोबी, फ्लॉवर आणि नवलकोलची रोपे चार-सहा पानांवर आली की लावा. ती आमच्याकडून नेल्यावर चार-पाच दिवस रोज थोडा जास्त वेळ उघड्यावर ठेवा, मग ऊन कलल्यावर लावून लगेच पाणी द्या. फ्लॉवरचे जून झालेले रोप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. ट्रेमध्ये अडकून पडलेल्या रोपाला पुढे बटणाएवढाच गड्डा येतो. कोबीवर्गातली कोणतीही भाजी गेल्या तीन वर्षांत ज्या वाफ्यात होती, तिथे पुन्हा लावू नका, तिचे रोग मातीत टिकून राहतात.

लावणीनंतर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला, खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडून. कोबीला पाणी नियमित द्या. बरेच दिवस ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले की भरलेला गड्डा तडकतो. पानांची खालची बाजू आठवड्यातून दोनदा पाहा, अळीची अंडी तिथेच सापडतात.

रोपे न्यायला येताना वाफ्याची लांबी-रुंदी मोजून आणा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्यात 45 सेंटीमीटर अंतराने कोबीची 12 ते 14 रोपे बसतात. त्याहून जास्त मागितलीत तर आम्ही आधी तुम्हाला वाफ्याचे माप विचारू.