शून्य सावली दिवस (मराठवाडा)

ज्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते, तो शून्य सावली दिवस. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला, असे आपण बाराही महिने म्हणतो. प्रत्यक्षात कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या गावांतच हे घडते, तेही वर्षातून दोनदा. दिल्लीत कधीच नाही.

पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि दक्षिणेस तेवढाच सरकलेला दिसतो. विषुववृत्तापासूनचे त्याचे हे कोनीय अंतर म्हणजे क्रांती. ती गावाच्या अक्षांशाइतकी झाली की सावली शून्य. म्हणून मे महिन्यात हा दिवस मराठवाड्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: लातूरला १३, नांदेडला १६ आणि छत्रपती संभाजीनगरला १९ तारखेच्या सुमारास. वेळ मात्र बाराची नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आपण तिच्या पश्चिमेला. त्यामुळे संभाजीनगरात तो क्षण साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी येतो, नांदेडला सातआठ मिनिटे आधी. त्या वेळी खोल आडाच्या तळापर्यंत ऊन पोहोचते.

दुसरा दिवस जुलैत, संभाजीनगरला २४ आणि लातूरला ३० तारखेच्या आसपास. मेमध्ये शाळांना सुट्टी, जुलैत आभाळ. विद्यार्थ्यांची अडचण दोन्हीकडे. तरी पर्जन्यछायेतल्या मराठवाड्यात जुलैची उघडी दुपार कोकणापेक्षा सहज मिळते.

या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, हे फार कमी जणांच्या लक्षात येते. २१ जूनला संभाजीनगरात एक मीटर काठीची सावली दक्षिणेकडे जेमतेम सहा सेंटिमीटर असते. २२ डिसेंबरला तीच उत्तरेकडे ९४ सेंटिमीटर.

ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात याच तत्त्वावर पृथ्वीचा परीघ काढला. तो प्रयोग इथेही जमतो. संभाजीनगरची सावली शून्य होते त्या दिवशी लातुरात मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे २.६ सेंटिमीटर भरते, म्हणजे कोन दीड अंश. दोन्ही शहरांतले दक्षिणोत्तर अंतर सुमारे १६५ किलोमीटर. ३६० अंशांत असे दीड अंश २४० वेळा बसतात. परीघ ३९,६०० किलोमीटर येतो, प्रत्यक्षात तो सुमारे ४०,०००. काठी मात्र गवंड्याच्या ओळंब्यानेच उभी करावी. ती एक अंश जरी कलली, तरी सावली पावणेदोन सेंटिमीटरने चुकते.