चिकट झालेला डॅशबोर्ड वितळलेला नसतो

पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी नव्यासारखी करायला घेतली की इंजिन, गंज, सीटची कव्हरं यांचा हिशोब आधीच मांडलेला असतो. माणूस अडतो तो आतल्या प्लास्टिकपाशी. दाराचं आतलं हँडल, एसीची बटणं, गिअरभोवतीचं पॅनल. बोट टेकवलं की चिकटतं, उचललं की ठसा तिथेच राहतो आणि नखात काळा लगदा येतो. यावर गॅरेजपासून व्हिडिओंपर्यंत दोनच निदानं ऐकू येतात. एक, 'उन्हानं प्लास्टिक वितळलं'. दुसरं, 'हाताचा घाम आणि मळ आहे, घासून काढा'. दोन्ही चुकीची आहेत, आणि या समजुतींपायी चांगले भाग कायमचे खराब होतात.

वितळण्याची गोष्ट लगेच निकालात निघते. गाडीच्या आतले बरेच भाग एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते मऊ पडायला साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड साधारण ७०-८० अंशांवर जातो. शिवाय प्लास्टिक वितळलं असतं तर भाग वाकला असता, त्याच्या खाचा आणि क्लिपा जागेवर बसल्या नसत्या. चिकट झालेला असतो तो प्लास्टिकवरचा रंग.

१९९० नंतर गाड्यांच्या आत 'सॉफ्ट-टच' रंगाची लाट आली. साध्या कडक प्लास्टिकवर हा रंग मारला की हाताला मखमली, रबरासारखं लागतं. फेरारी ३६० आणि एफ४३० या गाड्यांची चिकट बटणं जुन्या गाड्यांच्या शौकिनांत जगभर प्रसिद्ध आहेत, त्यामुळे 'स्वस्तातला माल' हेही कारण नव्हे.

हा रंग पॉलियुरेथेनचा. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाचं रसायन शोधलं. रंगाचे दोन घटक मिसळले की लांबलचक रेणू एकमेकांना जागोजागी बांधले जातात आणि त्यांचं जाळं तयार होतं. गाठी घट्ट असतात, पण दोन गाठींमधले लांब धागे लवचीक असतात आणि खोलीच्या तापमानालाही सतत वळवळत असतात. आपल्याला जाणवणारा मऊपणा हा या धाग्यांचा. आणि हे धागे बहुतेकदा पॉलिएस्टरचे असतात, म्हणजे त्यांच्यात ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात.

एस्टर म्हटल्यावर दहावीचं साबणीकरण आठवायला हवं. एस्टर आणि अल्कली एकत्र आले की आम्लाचा क्षार आणि अल्कोहोल मिळतं. अल्कली नसली तरी नुसतं पाणीही हेच काम करतं, फक्त फार हळू: एस्टरचा बंध तुटून एका टोकाला आम्ल उरतं, दुसऱ्या टोकाला अल्कोहोल. हवेतली वाफ रंगाच्या पातळ थरात सहज शिरते आणि एकेक धागा कापत जाते. मला या सगळ्यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. धागा तुटल्यावर उरलेलं आम्ल कुठे उडून जात नाही, तिथेच थरात राहतं. आणि एस्टर तुटण्याच्या क्रियेला आम्ल हेच उत्प्रेरक असतं. म्हणजे पहिला धागा तुटला की दुसरा तुटणं किंचित सोपं होतं, दुसऱ्यामुळे तिसरा आणखी सोपा. रसायनशास्त्रात याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका पावसाळ्यात 'अचानक' सगळी बटणं चिकट होतात, ते यामुळे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावला तर २५ ऐवजी ६५ अंशांना वेग सुमारे १६ पट. मुंबई, कोकण, गोव्यात दमट हवा आणि उन्हात तापलेली बंद गाडी दोन्ही एकत्र मिळतात.

पण धागे तुटल्यावर रंग भुगा होऊन का पडत नाही, चिकट का होतो? चिकटपणा ही मोजता येणारी गोष्ट आहे. थ्री-एम कंपनीतले कार्ल डालक्विस्ट यांनी चिकटपट्ट्यांचा अभ्यास करून एक निकष दिला: पदार्थाचा स्थितिस्थापकता गुणांक (तो किती ताठ आहे याचं माप) सुमारे ३ लाख पास्कलच्या खाली गेला की तो नुसता टेकवला तरी चिकटतो. कारण तो बोटाच्या रेषारेषांत वाहत जाऊन पूर्ण स्पर्श करू शकतो. शाबूत जाळं या मर्यादेच्या बरंच वर असतं. धागे तुटत गेले की गुणांक घसरत जातो, आणि मर्यादा ओलांडली की तुमचं हँडल चिकटपट्टी होतं.

एवढं समजलं की साफसफाईचे नियम पाठ करावे लागत नाहीत. शाबूत जाळं कुठल्याच द्रावकात विरघळत नाही, फार तर फुगतं. तुटलेले तुकडे मात्र विरघळतात. म्हणून आधी भाग गाडीतून सुटा करून कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून पुसावा. चिकटपणा गेला तर तो खरोखर मळ होता, रंग वाचला. कडक डिग्रीझर किंवा धुण्याचा सोडा वापरू नये. त्यांतली अल्कली म्हणजे वर सांगितलेलं साबणीकरणच.

चिकटपणा तसाच राहिला तर तो रंग परत आणता येत नाही, काढावाच लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फडकं भिजवून पुसलं की लगद्याच्या काळ्या वळ्या सुटून येतात. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको.

मग थिनरनं लवकर होईल की! होईल, पण प्लास्टिकही जाईल. जोएल हिल्डब्रँड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं प्रत्येक द्रवाला एक 'विद्राव्यता अंक' दिला. अंक जवळजवळचे तर दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात. पॉलिस्टायरीनचा अंक १८-१९ च्या आसपास आणि एबीएसचा मोठा हिस्सा स्टायरीनचाच. टोल्युइन १८, अ‍ॅसिटोन २०. आयसोप्रोपिल अल्कोहोल २३-२४, पाणी तब्बल ४८. एनसी थिनरमध्ये (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीच्या थिनरमध्ये) टोल्युइनसारखेच द्रावक असतात, त्यामुळे तो एबीएसचा पृष्ठभाग विरघळवून पॅनलवरची कातड्यासारखी नक्षी पुसून टाकतो. एकाच अंकानं सगळं सांगता येत नाही, म्हणून १९६७ मध्ये चार्ल्स हॅन्सन यांनी त्याचे तीन भाग पाडले. तुटलेल्या तुकड्यांची टोकं अल्कोहोलशी हायड्रोजन बंध जोडतात, म्हणून ते त्यात सुटतात; हा परिणाम त्या तीनपैकी एका भागात येतो. तरीही अल्कोहोलमध्ये भाग बुडवून ठेवू नये. स्क्रूच्या भोकाशी आणि क्लिपांशी साच्यातून आलेला ताण अडकलेला असतो, आणि ताणलेल्या प्लास्टिकला, विशेषतः पॉलिकार्बोनेटला, द्रावक लागला की बारीक तडे जातात.

टाल्कम पावडर फासण्याचा सल्ला फार चालतो. पावडर चिकट थरात रुतते, चार दिवस कोरडं वाटतं, आणि नंतर काढताना ती मळीसारखी घट्ट बसलेली असते. 'नॅनो' लिहिलेले चकचकीत स्प्रे तर घेऊच नका. त्यांत बऱ्याचदा सिलिकॉन तेल असतं. ते तुटलेला एकही बंध जोडत नाही आणि पुढे रंग मारताना त्या जागी खळगे पाडतं.

बटणांना हात लावण्यापूर्वी नीट बघा. रात्री उजळणाऱ्या बटणावर पांढरट पारभासक प्लास्टिक, त्यावर काळा थर आणि त्या थरात लेझरनं कोरलेलं चिन्ह असतं. काळा थर पुसला तर पंख्याचं चित्रही जातं. अशा वेळी नवं किंवा पुन्हा रंगवून कोरलेलं बटणच शोधावं लागतं.

रंग काढल्यावर भाग उलटा करा. मागे >ABS<, >PC+ABS< किंवा >PP< असा शिक्का असतो. एबीएसवर प्लास्टिक प्रायमर आणि रंग व्यवस्थित धरतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी की पाण्याचा थेंबही पसरत नाही, आणि रंग पापुद्रा होऊन सुटतो. त्यावर आधी चिकटण्यासाठीचा खास प्रायमर हवा. पुन्हा सॉफ्ट-टचच हवा असेल तर दुकानदाराला त्यातले धागे पॉलिएस्टरचे आहेत का ते विचारा; असतील तर तेही असेच तुटत जातील. पॉलिइथरच्या धाग्यांचा रंग पाण्याला टिकतो पण उन्हात लवकर खराब होतो, पॉलिकार्बोनेट जातीचा दोन्ही सोसतो आणि महाग पडतो. मला विचाराल तर खालचं कोरं एबीएस एकसारखं काळं निघालं असेल, तर त्यावर काहीही मारू नका.